शुक्रवारची गोवोंपकी

तळघरातून धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन लॉटी वर आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. तिचे सासरे, यूझेफ बिएलाक, शेगडीपाशी उभे होते. एका हातात पातेल्याचं झाकण, दुसऱ्या हातात काटा आणि काट्याच्या टोकाला अर्धी गोवोंपकी. उरलेली अर्धी तोंडात होती. कोबीच्या पानात खिमा आणि भात गुंडाळून टोमॅटोच्या रशात मंद आचेवर शिजवलेल्या या गोवोंपक्या लॉटीने उद्यासाठी करून ठेवल्या होत्या. उद्या म्हाताऱ्याचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता आणि शिळी गोवोंपकी ताजीपेक्षा चांगली लागते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आज शुक्रवार होता. नुसता शुक्रवार नव्हे, ईस्टरच्या आधीच्या उपासकाळातला शुक्रवार. त्या दिवशी आमच्या हॅमट्रॅमिक गावातला एकही पोलिश माणूस मांसाला शिवत नाही, मग पोटात कितीही कावळे ओरडोत.

"बाबा!" लॉटीच्या हातून टोपली सुटली. "अहो, आज शुक्रवार आहे!"

"माहीत आहे," यूझेफ चावता चावता म्हणाले. "मीठ जरा कमी पडलंय."

लॉटीने धावत जाऊन झाकण हिसकावलं आणि पातेल्यावर ठेवलं. मग तिची नजर खिडकीकडे गेली. आमच्या गल्लीतली घरं इतकी खेटून बांधलेली आहेत की एका घरात शिंक आली तर शेजारचा "देव भलं करो" म्हणतो. समोरच्या खिडकीत पडदा बाजूला सारून पव्हलाकबाई उभ्या होत्या. चर्चच्या जपमाळ मंडळाच्या अध्यक्षा. त्यांनी यूझेफकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडेही पाहिलं असावं. मग पडदा पडला.

आता यात एक गोम होती, आणि ती फक्त लॉटीला ठाऊक होती. त्या गोवोंपकीत मांसाचा कणही नव्हता.

ते त्र्याहत्तर साल होतं. मांसाच्या दुकानात गेलं की भावाची पाटी वाचूनच भूक मरावी, अशी परिस्थिती. देशभरच्या बायका दुकानांबाहेर फलक घेऊन उभ्या राहात होत्या. लॉटी काही फलक धरणाऱ्यांतली नव्हती. नवऱ्याच्या पगारात महिना रेटायचा एवढाच तिचा लढा. तिने किराणा दुकानातल्या सगळ्यात खालच्या फळीवरून सोयाच्या चुऱ्याचं एक पाकीट उचललं. कोमट पाण्यात भिजवलं की तो टम्म फुगे आणि दिसायला हुबेहूब खिमा. थंडी सुरू झाली तेव्हा तिने मूठभर मिसळला. नाताळानंतर निम्मा केला. कुणाच्या लक्षात येईना तसा तिचा धीर वाढत गेला आणि या खेपेला तिने खिमा आणलाच नाही.

सांगून टाकायला काय हरकत होती, असं तुम्ही म्हणाल. हरकत होती ती यूझेफची. या माणसाने चाळीस वर्षं मुख्य रस्त्यावर स्वतःचं मांसाचं दुकान चालवलं होतं. नुसत्या बोटांनी चाचपून जनावराचं वय सांगणारा खाटीक म्हणून गावभर नाव होतं. दुकान विकल्यावर ते मुलाकडे राहायला आले, पण रोज संध्याकाळी जेवायला बसले की पहिला घास घेऊन डोळे मिटायचे आणि सगळे हात आवरून वाट बघायचे. मग ते निकाल द्यायचे. "बीफ. खांद्याचं." त्यांचा मुलगा चेस्टर मोठ्या अभिमानाने बायकोकडे पाहायचा. लॉटी ताटाकडे पाहायची. ज्या जनावराचा तो खांदा होता ते जनावर हल्ली शेतात पेरलं जात होतं, हे ती कोणत्या तोंडाने सांगणार? दुकान गेल्यावर म्हाताऱ्याकडे एवढंच एक दुकान उरलं होतं.

आणि आता दुसरं संकट उभं राहिलं होतं, पहिल्यापेक्षा मोठं. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी फादर चर्चमध्ये बारा पुरुषांचे पाय धुतात, येशूने आपल्या शिष्यांचे धुतले तसे. त्या बारांत बसायचं यूझेफचं जन्माचं स्वप्न होतं. पण तो गुरुवार म्हणजे दुकानात सॉसेज घ्यायला झुंबड उडायचा दिवस, गल्ला सोडून जाणार कसं? त्यांची बायको हेलेना दर वर्षी म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की." हेलेना गेली. दुकान गेलं. या वर्षी फादरनी यूझेफचं नाव घेतलं. तेव्हापासून म्हातारा रोज मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसत होता. इतक्या वर्षांत ज्या पायांकडे त्यांनी स्वतःही पाहिलं नव्हतं, त्यांची नखं कापून, टाचा घासून त्यांनी ते पाय नवरीचे करून ठेवले होते.

राखीव म्हणून तेरावं नाव होतं अलॉयझी पव्हलाक यांचं. म्हणजे पव्हलाकबाईंच्या नवऱ्याचं.

"बाबा, तुम्ही खोलीत जाऊन पडा," लॉटी घाईघाईने म्हणाली. "कुणी आलं तर मी सांगते, तुम्हाला बरं नाही."

"मला काय झालंय? ठणठणीत आहे मी."

"झालंय काहीतरी, असं समजा!"

तेवढ्यात बेल वाजली. लॉटीने खिडकी उघडून हातातल्या फडक्याने वास बाहेर घालवायचा प्रयत्न केला. बाहेरचा बोचरा वारा तेवढा आत आला, वास जागचा हलला नाही. तिने दार उघडलं. पव्हलाकबाई एकट्या नव्हत्या. त्यांच्या मागे फादर झिगमंट उभे होते, ओठाला अजून कॉफीचा फेस. ईस्टरच्या टोपल्यांवर आशीर्वाद द्यायची वेळ ठरवायला ते पव्हलाकबाईंकडे आले होते आणि बाईंनी त्यांना कपासकट उठवून आणलं असावं.

"लॉटी, आम्ही सहज आलो," पव्हलाकबाई म्हणाल्या आणि सहजच सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. "वास छान सुटलाय गं. काय केलंस?"

"गोवोंपकी," लॉटी म्हणाली. "मशरूमची. उपासाची."

"मशरूमची! बघू तरी." बाईंनी झाकण उचललं, काटा घेतला आणि एक गोवोंपकी मधोमध फोडली. आतून तपकिरी, कणीदार, रसरशीत सारण बाहेर आलं. लॉटीला स्वतःच्याच हाताचा राग आला. इतकं हुबेहूब करायची काय गरज होती?

"फादर," पव्हलाकबाईंचा आवाज खाली आला, "मशरूम मी जन्मभर निवडत आले. हे मशरूम नाही. आणि मी माझ्या या डोळ्यांनी यूझेफना खाताना पाहिलं."

फादरनी यूझेफकडे पाहिलं. यूझेफ खुर्चीत बसून रुमालाने मिशी पुसत होते.

"मशरूम नाही हे खरं," लॉटी पुटपुटली. "पण मांसही नाही, फादर. शपथेवर सांगते."

"मग आहे काय?" पव्हलाकबाईंनी विचारलं.

लॉटीने तोंड उघडलं. सोया हा एवढासा शब्द. पण समोर यूझेफ बसले होते, तिच्याकडेच बघत. तो शब्द उच्चारला की म्हातारा पापातून सुटणार होता आणि त्याच क्षणी कळणार होतं की हॅमट्रॅमिकचा सगळ्यात मोठा खाटीक सगळा हिवाळा भिजवलेला चुरा खाऊन खांद्याचं, खांद्याचं करत होता. लॉटीने तोंड मिटलं.

नेमका याच वेळी चेस्टर कामावरून आला. मोटारींच्या कारखान्यातली पाळी संपवून, हातात डबा, अंगावर ग्रीसचे डाग. स्वयंपाकघरात फादर पाहून त्याने टोपी काढली.

"कोण गेलं?" त्याने घाबरून विचारलं.

"अजून कुणी नाही," पव्हलाकबाई म्हणाल्या. "तुझी बायको म्हणते, या गोवोंपकीत मांस नाही."

आता शहाण्या नवऱ्याने इथे गप्प बसावं की नाही? पण सगळा हिवाळा हा गडी कारखान्यातल्या सोबत्यांना सांगत आला होता की भाव कितीही चढोत, बिएलाकांच्या घरी रोज अस्सल मांस असतं. त्याचा चेहरा लाल झाला.

"मांस नाही म्हणजे? पव्हलाकबाई, आम्ही इतके गळाठलो नाही अजून! माझ्या घरात एक दिवस मांसाविना..." लॉटीने त्याच्या पायावर पाय दिला. "आई गं! पाय का देतेस? खरं तेच सांगतोय मी! बीफ आहे ते, अस्सल! बाबांना विचारा ना. बाबा, सांगा यांना!"

"म्हणजे खाल्लं ते मांसच," पव्हलाकबाई फादरना म्हणाल्या. "घरचाच साक्षीदार आहे."

चेस्टरला तेव्हा कुठे कॅलेंडर दिसलं. त्याच्या हातातला डबा हळूच टेबलावर उतरला.

फादर झिगमंट सरळ मनाचे होते. त्यांनी बाह्या मागे सारल्या. "वाद कशाला? चव घेतली की कळेल." त्यांनी काट्याला घास लावला, तोंडापर्यंत नेला आणि तिथेच थांबले. मांस निघालं तर शुक्रवारी फादरनीच मांस खाल्ल्यासारखं व्हायचं. त्यांनी घास पव्हलाकबाईंपुढे धरला. बाई दोन पावलं मागे सरल्या. चेस्टरने मान हलवली. असा तो घास काट्यावर गार होत राहिला. मांस आहे की नाही हे चाखल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि मांस नाही हे कळल्याशिवाय कुणी चाखणार नव्हतं.

"न चाखता सांगू शकेल असा माणूस गावात एकच आहे," फादर अखेर म्हणाले. त्यांनी तो घास बशीत ठेवून यूझेफपुढे सरकवला. "यूझेफ, आरोपही तुमच्यावर आणि तज्ज्ञही तुम्हीच. तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. या पातेल्यात काय आहे?"

लॉटीने एप्रनचं टोक मुठीत घट्ट धरलं. तिला काय हवंय हे तिचं तिलाच कळेना. ओळखलं तर म्हातारा खचणार, नाही ओळखलं तर गुरुवार जाणार. यूझेफनी चष्मा चढवला. सारण बोटांत घेऊन चुरगाळलं, खिडकीच्या उजेडात धरलं, नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. पव्हलाकबाईंच्या ओठांवर बहुधा प्रार्थना होती, पण ती कुणासाठी ते विचारायला नको.

"बीफ," यूझेफ म्हणाले. "खांद्याचं. चवीपुरतं डुकराचं."

लॉटीचे हात खाली पडले.

फादरना म्हाताऱ्याला सोडवायचं होतं, ते दिसतच होतं. ते खुर्ची ओढून जवळ बसले. "हे बघा यूझेफ, या वयात आज कुठला वार हे माणूस विसरतो. विसरून खाल्लं तर ते पाप होत नाही. तुम्ही विसरला होता. हो ना?"

फक्त "हो" म्हणायचं होतं. लॉटी मनातल्या मनात ओरडत होती, म्हणा हो, बाबा, म्हणा! पण म्हातारा ताठ बसला. त्याला विसराळू म्हटलेलं खपत नसे. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधायचा, पण विसराळू नाही.

"मी कशाला विसरेन? माझं डोकं ठिकाणावर आहे. शुक्रवार आहे हे पक्कं ठाऊक होतं मला."

"ठाऊक असून खाल्लं!" पव्हलाकबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. "फादर, मग गुरुवारचं कसं? नाही, अलॉयझीला सांगायला हवं. त्याला बिचाऱ्याला पाय घासायला चार दिवस लागतील."

फादरना निर्णय द्यावाच लागला नाही.

"अलॉयझीला बसवा, फादर," यूझेफ म्हणाले. आवाज नेहमीसारखा ठेवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. "मी मागच्या बाकावरून बघेन. तिथूनही सगळं दिसतं." आणि ते आपल्या पायांकडे बघत बसले.

लॉटीला ते पाहवेना. गर्व गेला चुलीत, तिला वाटलं, हा माणूस मागच्या बाकावर बसता कामा नये. तिने पिठाचा डबा खसकन ओढला, मागे हात घातला आणि सोयाचं अर्धं पाकीट काढून टेबलावर आपटलं.

"हे आहे त्याच्यात! सोयाबीन! कण नाही मांसाचा. बाबा, मला माफ करा. सगळा हिवाळा मी तुम्हाला फसवलं. परवडत नव्हतं हो, काय करू?" आणि ती रडायलाच लागली.

सगळे यूझेफकडे बघायला लागले. आता म्हातारा कोसळणार, छातीला हात लावणार, निदान ओरडणार तरी. यूझेफनी पाकिटाकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कशाला काढलंस ते? बरं होतं की डब्यामागे."

लॉटीचं रडणं अर्ध्यावर थांबलं. "तुम्हाला... तुम्हाला ठाऊक होतं?"

"चाळीस वर्षं जनावरं कापली मी, लॉटी. तू पहिल्यांदा मिसळलंस त्याच दिवशी कळलं. कांदा एकदम दुप्पट घालायला लागलीस. कांदा वाढला की समजायचं, काहीतरी झाकायचं आहे."

"मग रोज खांद्याचं, खांद्याचं काय म्हणत होता?"

"तू घास खाली ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसायचीस. दुसरं काय म्हणणार?" ते फादरकडे वळले. "आणि मांस असतं तर उपासाच्या शुक्रवारी मी त्याला हात लावला असता का? भूक लागली होती, मांस नव्हतं, खाल्लं."

"पण मग मला मांस आहे म्हणून का सांगितलंत?" फादर चकित झाले होते. "पाप नसताना पाप ओढवून घेतलंत! गुरुवार सोडायला निघालात!"

"तुम्ही मला चारचौघांत विचारलंत ना, हिच्या पातेल्यात काय आहे म्हणून. खाटकाला असं विचारतात का कधी?" यूझेफ आता खरोखर चिडले होते. "मंदीच्या काळात निम्म्या गल्लीच्या बायका माझ्याकडे हाडं मागायला यायच्या. कुत्र्यासाठी हवीत म्हणायच्या. अख्ख्या गल्लीत कुत्री होती दोन. मी हाडं बांधून द्यायचो आणि विचारायचो, कुत्रा कसा आहे? बरा आहे, म्हणायच्या. त्यांचं सूप कुणाच्या घरी कसलं होतं हे मी हेलेनालासुद्धा सांगितलं नाही. आणि आता माझ्या सुनेचं पातेलं गावासमोर उघडू? तेही पव्हलाकबाईंसमोर?"

पव्हलाकबाई जमिनीकडे बघत होत्या. त्यांची आई त्या बायकांत होती की नाही, हे आता यूझेफशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं आणि यूझेफ सांगणार नव्हते.

"निघते मी," बाई एकदम म्हणाल्या. "ओट्यावर भिजत घातलंय, फुगून बाहेर..." आणि त्या थांबल्या.

"काय भिजत घातलंय?" चेस्टरने विचारलं.

"कपडे," पव्हलाकबाई म्हणाल्या आणि दाराबाहेर पडल्या.

स्वयंपाकघरात कुणी हसलं नाही. हसायचं राहून गेलं ते चेस्टरमुळे. तो पाकीट हातात घेऊन उलटसुलट करत होता.

"म्हणजे सगळा हिवाळा मी हे खाल्लं?"

"दोन-दोनदा वाढून घेतलंस," लॉटी डोळे पुसत म्हणाली.

"कारखान्यात मी कुणाकुणाला काय काय सांगितलंय, लॉटी!"

"मग आताही तेच सांग," यूझेफ म्हणाले. "त्यांच्या डब्यांत काय आहे हे तू विचारलंस का कधी?"

चेस्टरने विचार केला. मग डबा मोरीत ठेवून तो मुकाट्याने हात धुवायला गेला.

फादर झिगमंट उठले. "यूझेफ, गुरुवारी वेळेवर या. पहिल्या खुर्चीवर बसायचं. अलॉयझीचे पाय पुढच्या वर्षी बघू." लॉटीने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि तिला पुन्हा रडू आलं, या वेळी बिनआवाजाचं. म्हातारा मात्र खिडकीकडे तोंड करून उगाच नाक शिंकरत होता.

यूझेफ फादरना सोडायला जिन्यापर्यंत गेले. फादरनी टोपी घातली, कठड्याला धरून एक पायरी उतरले आणि पुन्हा वर चढले. त्यांनी आत कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

"यूझेफ, एक विचारू? गेल्या रविवारी बारा जणांच्या बैठकीनंतर तुम्ही सगळे माझ्याकडे जेवलात. माझ्या स्वयंपाकीणबाईंनी खिम्याचा पावासारखा लोफ भाजला होता. आठवतो?"

"आठवतो की. चांगला होता."

"मीही दोनदा घेतला." फादर घुटमळले. "आता तुमचं ऐकून वाटतंय... त्यात कांदा जरा जास्त होता का हो?"

यूझेफनी कोटाचं बटण लावलं. ते लावलेलंच होतं, म्हणून काढून पुन्हा लावलं.

"बीफ होतं, फादर. शुद्ध."

फादरनी टोपी नीट केली.

"उद्या संध्याकाळी पापं कबूल करायला, कन्फेशनला येऊन जा," ते म्हणाले. "पाय धुण्याआधी तुमच्या त्या दोन थापा मिटवून टाकू."

"दोन कुठल्या? मी एकदाच तर खोटं बोललो."

"आत्ताचं धरून," फादर म्हणाले आणि जिना उतरून गेले.